आजोबा आभाळाकडे बघतात

सेग्बोजी, २ जानेवारी १९९६

चि. फिफामे,

काका-काकूचा तुला आशीर्वाद. हे पत्र बोसूच्या टॅक्सीतून सरहद्दीपलीकडे लोमेला पाठवतो आहे. वाटेत वाचू नकोस अशी त्याला ताकीद दिली आहे. तो वाचणारच, तेव्हा बोसू, तुलाही नमस्कार.

बातमी आनंदाची आहे. आपल्या घरच्या आजोबांनी मान वर केली.

तुझा बाप गेला त्या आठवड्यात हे अजगर-आजोबा ओसरीवरून सरळ आत आले आणि त्याच्या पान्यांच्या पेटीवर वेटोळं घालून बसले. त्याला एकोणीस वर्षं झाली. इतक्या वर्षांत त्यांनी कोणाला भाव दिला नाही. खायचं, निजायचं, कात टाकायची आणि पुन्हा निजायचं. गावात लोक थट्टा करायचे की आगोसूच्या घरचे आजोबा आगोसूसारखेच, जिथे बसले तिथे बसले. आता मात्र आठ दिवस झाले, ते वीतभर अंग वर उचलतात, हनुवटी छपराकडे करतात आणि तासन्‌तास तसेच राहतात. खाणंही सोडलं आहे, उपास धरलाय. आणि बोलतात, फिफामे. बारीक शिट्टीसारखा आवाज येतो, मध्येच टक् असं वाजतं. पहिल्यांदा मला वाटलं, दुकानात कुठल्या तरी ट्यूबची हवा जाते आहे. सगळी चाकं तपासली. मग कळलं.

मान वर करून आभाळाकडे बघणारे आजोबा म्हणजे सगळ्या गावाला आशीर्वाद, हे तुला सांगायला नको. देवळातली पुजारीण नान आलुग्बा स्वतः येऊन बघून गेली. चाळीस वर्षांत तिने आपल्या घराकडे कधी नीट पाहिलं नव्हतं, सायकली दुरुस्त करणाऱ्याचं घर म्हणून. आता तीच म्हणाली, "आगोसू, वीस तारखेला तुझे आजोबा पुढे चालतील." म्हणजे खाडीच्या काठी पाल्याच्या पाण्याने आंघोळ आणि मग माझ्या गळ्यात घेऊन सगळ्या गावातून मिरवणूक. रोज माणसं येतात, पांढरी पावडर टाकतात, अत्तर शिंपडतात. काल विदा शहरातून तीन बायका आल्या होत्या.

त्यांना शोभेल अशी खोलीही मी बांधली आहे. चुलीमागची ती मातीची अंधारी खोली आता बंद. नवी खोली सिमेंटची, जमीन घोटीव, उत्तरेला जाळीची खिडकी. या दिवसांत पहाटे धुळीचा वारा सुटला की आत अगदी गार वाटतं. देवालाही हवा हवीच.

तुझी काकू सोडून सगळे खूश आहेत. ती म्हणते, "म्हाताऱ्याला पडसं झालंय." मी तिकडे लक्ष देत नाही.

तीन हात पांढरं कापड पाठव, लोमेचं जरा बरं असतं. मासळी मात्र पाठवू नकोस. मागची मी शेजारी देऊन टाकली. राग मानू नकोस, पण आजोबांची भावंडं पेट्यांत भरून परदेशी लोकांना पाळायला पाठवायची आणि त्या कमाईची मासळी आपण खायची, हे माझ्या घशाखाली उतरत नाही. मिरवणुकीला ये. पण रीत तुला ठाऊक आहे. सापांच्या व्यापाऱ्याकडे राबणाऱ्याने मागच्या दाराने यायचं आणि आजोबांना हात लावायचा नाही. रीत काही मी केलेली नाही.

तुझा काका,
आगोसू


लोमे, ४ जानेवारी

ती. काका,

नमस्कार. कापड बोसूकडे दिलं आहे. मासळी पाठवलेली नाही. पाठवली असती तरी ती शेजारी किती गेली असती आणि काकूच्या मडक्यात किती, हे मला माहीत आहे.

तुमची बातमी मी तीनदा वाचली. मिरवणुकीत तुम्ही पुढे चालणार याचा मला फार आनंद झाला. बाबा असते तर आदल्या दिवशीच वाटेवरचे सगळे दगड उचलून बसले असते.

आता मला थोडं विचारायचं आहे. रागावू नका. तुम्ही आजोबांकडे बघता ते नमस्कार करून. एकदा सायकलवाल्याच्या नजरेने बघा.

त्यांचे डोळे कसे आहेत? दुधाळ, निळसर झालेत का? तसं असेल तर कात टाकायची वेळ झाली आहे. त्या दिवसांत नाकपुडीत जुनी कातडी अडकून शिट्टी वाजते, कात निघाली की आपोआप थांबते. मग काळजी नाही आणि माझं हे पत्र फाडून टाका.

डोळे स्वच्छ असतील तर उजेडात नाकपुड्या बघा. तिथे ओल आहे का? तुम्ही पंक्चर शोधताना ट्यूब पाण्यात धरता आणि बारीक बुडबुडे कुठून येतात ते बघता. तसे बुडबुडे नाकाशी किंवा ओठाच्या कडेला दिसतात का? तोंड पूर्ण मिटतं का, की फट राहते? आणि वीस तारखेच्या आत त्यांनी कात टाकली नाही, तर त्यांना आंघोळ घालू नका, एवढं माझ्यासाठी करा. कारण नंतर सांगते.

उत्तर बोसूच्या उद्याच्या फेरीने पाठवा. कागद कमी असेल तर नुसतं हो-नाही लिहा.

तुमची,
फिफामे


सेग्बोजी, ५ जानेवारी

चि. फिफामे,

कागद भरपूर आहे. हो-नाही लिहायला मी काय पोलीस चौकीत बसलो आहे?

तू लोमेला जाऊन शहाणी झालीस यात शंका नाही. पण देवाच्या नाकात डोकावून बघ असं आपल्या घराण्यात आजवर कोणी कोणाला सांगितलं नव्हतं. तरी बघितलं. तू विचारलंस म्हणून, आणि रात्री झोप लागली नाही म्हणूनही.

डोळे स्वच्छ आहेत, काळे, काचेच्या मण्यासारखे. कातेचं चिन्ह नाही.

तोंडाला फट आहे. भाताचा दाणा जाईल एवढी.

नाकाशी बुडबुडा आहे. डाव्या नाकपुडीला. बारीक फुगतो, फुटतो, मग टक् आवाज. तुला सोयीचं म्हणून मी हे लिहिलं, पण त्याचा अर्थ तू समजतेस तसा लावू नकोस. माझ्या लहानपणी नान आलुग्बाची आई सांगायची की आजोबा बोलतात तेव्हा त्यांच्या शब्दाला फेस येतो. हा तो फेस. बुडबुडा दिसला की पंक्चरच, असं रबरात असतं. आजोबा रबराचे नाहीत.

आणि आंघोळ घालू नका म्हणजे काय? वीस तारीख सगळ्या गावाला सांगून झाली आहे. खाडीवर मांडव पडतो आहे. मी काय सांगू, माझ्या पुतणीने लोमेहून मनाई केली? ज्या बाईला पुढच्या दाराने आत घेता येत नाही, तिचं ऐकून देवाची आंघोळ थांबवली?

हे जरा लागेल असं लिहिलं. खोडत नाही, कारण खोडलेलं वाईट दिसतं.

काकू इथे बसली आहे आणि म्हणते, माझंही लिही. लिहितो. ती म्हणते: "फिफामे, म्हातारा रात्री चुलीच्या भिंतीकडे सरपटत जातो, जुन्या खोलीकडे. दार बंद म्हणून दाराशीच पडून राहतो. मी दोनदा पाहिलं. तुझा काका म्हणतो तो घराची राखण करतोय. मी म्हणते त्याला थंडी वाजते." तिचं संपलं. तिने जसं सांगितलं तसं लिहिलं आहे, माझं मत वेगळं आहे.

तुझा काका,
आगोसू


लोमे, ६ जानेवारी

ती. काका,

लागलं. पण खोडलं नाहीत ते बरं केलंत. आता मीही न खोडता लिहिते.

काकूचं बरोबर आहे. आजोबा आजारी आहेत. त्यांच्या फुप्फुसात चिकट पाणी भरतं आहे. माणसाला असं झालं की तो खोकतो आणि कफ बाहेर पडतो. सापाला खोकता येत नाही, काका. त्याच्या छातीत तो जोरच नाही. मग तो बिचारा एकच करू शकतो. मान वर धरायची, म्हणजे पाणी खाली उतरेल आणि वर हवेला वाट मिळेल. आभाळाकडे बघतात ते त्यासाठी. तिथे त्यांना काही दिसत नाही. ते श्वास शोधतात.

पहिल्या पत्रात हे सरळ लिहायला मी घाबरले. तुम्ही म्हणाल, व्यापाऱ्याकडे राबणारी बाई देवाला सुद्धा आजारी ठरवते. आणि मला हे कशावरून कळतं तेही सांगायचं नव्हतं. सांगते. इथे आले त्या पहिल्या वर्षी पावसात एक पेटी आमच्या ओसरीवर राहिली. चाळीस पिल्लं. ओली, गार. चौथ्या दिवशी झाकण उघडलं तर सगळ्यांच्या माना वर होत्या. मी आपल्या गावची, मला वाटलं मला आशीर्वाद देतायत. मी गुडघे टेकले, खरंच टेकले. माझ्याबरोबरची बाई हसत होती. आठ दिवसांत त्यातली एकतीस मेली. तेव्हापासून आजारी सापांच्या खोलीचं काम मी मागून घेतलं. नऊ वर्षं मी तेच करते. विकणारे दुसरे आहेत. हे मी तुम्हाला कधी सांगितलं नाही, कारण तुम्ही विचारलं नाहीत आणि मी रुसले होते.

एकच विचारते, आणि उत्तर मला नको, स्वतःला द्या. गावात आजवर ज्या ज्या आजोबांनी मान वर केली, त्यातले किती जण पुढच्या पावसापर्यंत जगले?

आता काय करायचं ते. सिमेंटची खोली आजच सोडा. तुमच्या प्रेमात खोट नाही, पण ती जमीन रात्रभर त्यांच्या अंगातली ऊब शोषून घेते आणि खिडकीतून वारा येतो. जुन्या खोलीत ठेवा, चुलीच्या भिंतीला लागून, जिथे हात लावला की भाकरीच्या तव्याजवळ बसल्यासारखं वाटतं. भाजेल इतकं नको. खोलीच्या दुसऱ्या बाजूला जरा कमी ऊब असू द्या, त्यांना हवं तिकडे जाता आलं पाहिजे. रात्री चूल विझली की तेलाच्या बाटल्यांत गरम पाणी भरून, फडक्यात गुंडाळून जवळ ठेवा. छातीखाली घडी घाला, डोकं उंच राहील. पावडर, अत्तर, उदबत्ती, तंबाखू, काही नको. माणसंही नकोत. प्यायला स्वच्छ पाणी ठेवा, जमीन कोरडी ठेवा. खायला जबरदस्ती करू नका.

बाजारातली बाई टोपलीत गोळ्या विकते, त्या फोडून तोंडात घालू नका. आधीच बुडणाऱ्याच्या तोंडात ते पाणी ओतणं होईल. कोतोनूला गुरांचा डॉक्टर आहे, आमच्याकडे येतो, सापांचं त्याला कळतं. पत्ता मागे लिहिला आहे. त्याचं इंजेक्शन लागेल. उबेने आराम पडेल, पण नुसत्या उबेने हा आजार जात नाही. तोंड उघडून श्वास घेतात म्हणजे बरेच पुढे गेले आहेत. दोन-तीन दिवसांत न्या.

आणि खाडीकाठी गार पाण्याने आंघोळ घातलीत, तर ते तुमच्या गळ्यातच जातील, काका. सगळ्या गावासमोर. तेव्हा गाव म्हणेल, केवढं पुण्य. पण तुम्हाला माहीत असेल.

लहानपणी ते माझ्या पायाशी निजायचे. मला हात लावू देऊ नका, पण त्यांना वाचवा.

फिफामे


सेग्बोजी, १० जानेवारी

चि. फिफामे,

चार दिवस लिहिलं नाही. पहिले दोन दिवस राग होता, पुढचे दोन दिवस वेळ नव्हता.

तुझं पत्र वाचून मी दुकानात गेलो आणि एक चाक सरळ करत बसलो. ते सरळच होतं. तुझा तो प्रश्न डोक्यातून जाईना. मग मी मोजायला लागलो. माझ्या वडिलांच्या वेळी पलीकडच्या आळीतल्या आजोबांनी मान वर केली. तीन दिवस ढोल वाजले. नवव्या दिवशी पांढऱ्या कापडात गुंडाळून पुरले. आम्ही म्हणालो, निरोप घेऊन गेले. मी शिकाऊ होतो तेव्हा सुताराच्या घरचे. तेही निरोप घेऊन गेले. देवळातलेच दोन. बाजाराजवळची ती लहानशी मादी, तिला तर आम्ही आंघोळ घातली होती, मी स्वतः घागर ओतली. पावसापर्यंत एकही राहिला नाही, फिफामे. पासष्ट वर्षांचा झालो आणि ही बेरीज मी कधी केली नव्हती. सगळे निरोप घेत होते असंच धरून चाललो. तू पाठवलेलं पांढरं कापड खुंटीवर होतं. मी ते पेटीत घालून कुलूप लावलं.

त्या संध्याकाळी त्यांना उचलून जुन्या खोलीत नेलं. काकू दारातच उभी होती, दार आधीच उघडून.  मी ऊब वाढावी म्हणून कोळशाची शेगडी आत नेऊन ठेवली तेव्हा ती म्हणाली, "अहो, ज्याला श्वास घेता येत नाही त्याला धूर देता? तुमच्या पंपात वाळू घालू का?" शेगडी बाहेर काढली. रात्री तिने बाटल्या भरायच्या आणि मी गुंडाळायच्या, असं चाललं आहे.

मग नान आलुग्बाकडे गेलो. तुझं पत्र खिशात होतं. वाटेत दोनदा परत फिरलो. ती शेंगा सोलत बसली होती. मी म्हणालो, "नान, आजोबा आशीर्वाद देत नाहीत. ते आजारी आहेत."

ती म्हणाली, "कोण म्हणतं?"

"फिफामे."

"ती विकणारी?"

"ती आजारी सापांची खोली सांभाळते," मी म्हणालो. ते तोंडातून किती पटकन निघालं याचं माझं मलाच नवल वाटलं.

ती उठली, काठी घेतली आणि माझ्या पुढे चालायला लागली. खोलीत तिने सगळ्यांना बाहेर काढलं. मी घरमालक, म्हणून राहिलो. तिने गुडघे टेकले, नमस्कार करून झाला, मग कान आजोबांच्या अंगाला लावला. बराच वेळ. टक्, शिट्टी, टक्. मी म्हणालो, "नान, तुमची आई सांगायची की शब्दाला फेस येतो."

ती म्हणाली, "शेवटच्या वर्षी आईच्या छातीतही असंच वाजायचं." मग म्हणाली, "आजोबा बोलत होते, आगोसू, ते खोटं नाही. दवाखान्यात न्या म्हणत होते. आपण सगळे ढोल घेऊन आलो."

जाताना म्हणाली, वीस तारखेला देवळातले दुसरे आजोबा पुढे चालतील. 

काल कोतोनूला गेलो. बोसूने त्यांच्यासाठी पुढची जागा रिकामी ठेवली, मला मागे शेळीवाल्या बाईशेजारी बसवलं. टोपली काकूच्या जाड लुगड्यात गुंडाळली होती. खिडकी कोणाला उघडू दिली नाही. एक प्रवासी कुरकुरला तर बोसू म्हणाला, "घाम येतोय? येऊ दे. आजोबांना येत नाही." पूर्ण रस्ता त्याने एकही खड्डा घेतला नाही. बोसू म्हणजे बोसू, हे तू जाणतेस, तेव्हा कल्पना कर.

तुझा डॉक्टर तरुण आहे, पण चांगला आहे. तोंड उघडून आत बघितलं, कापसाच्या काडीने चिकट पाणी काढून काचेवर घेतलं. म्हणाला, "आणखी आठवडा गेला असता तर मला दाखवायला काही राहिलं नसतं." दर तिसऱ्या दिवशी एक, अशी सात इंजेक्शनं. पहिलं त्याने दिलं, अंगाच्या पुढच्या अर्ध्या भागात, खवल्यांच्या मधून. बाकीची मी द्यायची. मला शिकवलं. म्हणाला, "हात स्थिर आहे तुमचा." मी म्हणालो, व्हॉल्व्ह बसवतो. औषध गार ठेवायचं, म्हणून ते शीतपेयांच्या दुकानातल्या फ्रीजमध्ये आहे, बाटल्यांच्या मागे, चिठ्ठी लावून.

वाचतील का, हे त्याने सांगितलं नाही. तू सांग.

काका


लोमे, १२ जानेवारी

ती. काका,

मी सांगू शकत नाही. एकोणीस वर्षं तरी ते तुमच्या घरी आहेत आणि आले तेव्हाच मोठे होते. असे म्हातारे कधी चिवट निघतात, कधी नाही. खोटं लिहिलं असतं, पण तुम्ही इतकं खरं लिहिलंत.

एवढं सांगते. तिसऱ्या-चौथ्या सुईनंतर आवाज कमी होईल आणि तुम्हाला वाटेल झालं. तिथेच लोक चुकतात. सातही द्या. बुडबुडा गेला म्हणून ट्यूब लगेच चाकात घालत नाहीत ना, ठिगळ वाळू देतात. तसंच. टोपली, पाण्याचं भांडं दर दोन दिवसांनी उकळत्या पाण्याने धुवा. आजारी आहेत तोवर देवळातल्या दुसऱ्या सापांजवळ त्यांना नेऊ नका आणि त्यांना हात लावून तुम्हीही तिकडे जाऊ नका. हे एकाचं दुसऱ्याला लागतं.

नान आलुग्बांना माझा नमस्कार सांगा. "ती विकणारी" असं त्या म्हणाल्या ते तुम्ही लिहिलंत आणि पुढे तुम्ही काय उत्तर दिलंत तेही लिहिलंत. ते पान मी उशीखाली ठेवलं आहे.

तुमचं पत्र मी इथल्या मालकांना वाचून दाखवलं, चुलीच्या भिंतीचं. त्यांनी आमच्या आजारी खोलीला मातीची भिंत बांधायला घेतली आहे. पलीकडे स्वयंपाकघर.

वीस तारखेला मी येत नाही. मागच्या दाराने आले तर मला त्यांना बघायचा धीर होणार नाही, आणि न बघता परत जाववणार नाही. कसे आहेत ते कळवा. एक ओळ पुरे.

फिफामे


सेग्बोजी, ३ फेब्रुवारी

चि. फिफामे,

एक ओळ पुरे म्हणालीस म्हणून तीन आठवडे थांबलो. एका ओळीत मावेल असं काही घडतच नव्हतं. आज तेच, उद्या तेच. बाटल्या भरा, गुंडाळा, सुई द्या, कान लावा.

वीस तारखेला मिरवणूक निघाली. देवळातले दुसरे आजोबा पुढे होते. मी दारात उभा होतो, रिकाम्या गळ्याने. मला वाटलं वाईट वाटेल. मिरवणूक आपल्या घराशी आली आणि नान आलुग्बाने काठी वर केली. ढोल थांबले. गाणं थांबलं. दोनशे माणसं, फिफामे, अगदी गप्प. पावडरचे डबे लोकांनी पाठीमागे लपवले होते. त्या शांततेत तिने चुलीमागच्या भिंतीला नमस्कार केला, सगळ्यांनी केला, आणि कोपरा ओलांडेपर्यंत कोणी ढोलावर बोट ठेवलं नाही. काकू नंतर म्हणाली, "चाळीस वर्षांत गाव पहिल्यांदा गप्प बसलं, तेही तुमच्या दारात."

आता ती रीत झाली आहे. मान वर दिसली की आधी कान लावायचा, मग डॉक्टर, ढोल सगळ्यात शेवटी. नान आलुग्बाने देवळाच्या ओट्यावर बसून सांगितलं. कोणी विचारलं, हे कुठून आलं, तर म्हणाली, आगोसूच्या घरून.

पाचवी सुई झाली तेव्हा आवाज गेला. मी सगळ्या गावाला सांगणार होतो, पण तुझं ठिगळाचं आठवलं आणि तोंड मिटून ठेवलं. सहावी, सातवी. डॉक्टर स्वतः आला, बघून गेला. म्हणाला, छाती स्वच्छ आहे, महिनाभर लक्ष ठेवा.

आणि काल पहाटे आत गेलो तर पेटीवर वेटोळं होतं. तुझ्या बापाच्या पान्यांची पेटी मी खोलीत ठेवली होती, ते लिहायचं राहिलं. डोकं वेटोळ्याच्या मधोमध, खाली, झाकलेलं. तोंड मिटलेलं. मान वर नाही. इतकी सुंदर खाली मान मी जन्मात पाहिली नाही. संध्याकाळी काकूने उंदीर सोडला. तो त्यांनी घेतला. लगेच नाही, जरा विचार करून, पण घेतला.

एक गोष्ट तुला सांगतो, इतर कोणाला नाही. लोकांसमोर मी त्यांना आजोबा म्हणतो. एकटा असलो की दादा म्हणतो. तुझा बाप माझ्यापेक्षा आठ वर्षांनी मोठा, सायकल त्याने शिकवली, अक्षरं मात्र मी सायकलींवरच्या नावांवरून स्वतः शिकलो, ते त्याला दाखवायचं राहिलं. तेव्हा कोणाला वाचवलंस हे तुझं तू समज.

तुझं ते काम, पेट्या भरून पाठवणं, ते मला अजून रुचत नाही. रुचेल असं वाटत नाही. पण त्या घरात आजारी खोली आहे आणि तिथे आपली मुलगी आहे, हे मला रुचतं. दोन्ही मी एका खिशात ठेवली आहेत, आत खुळखुळतात, चालायचं.

नान आलुग्बाला मी विचारलं, दाराचं काय करायचं. ती म्हणाली, "तो दरवाजा मी लावला का? तुझा आहे, तू उघड." म्हणून मी उघडला. बिजागरीला तेलही दिलं.

पुढच्या बाजाराला ये. काकू सांगते, लिही: "मासळी आण, आणि या वेळी जास्त आण, कारण आता मला लपवून खायची गरज नाही आणि तुझा काकाही खाणार आहे." तिचं संपलं. या वेळी माझं मत वेगळं नाही.

समोरच्या दाराने ये. रात्र राहा, ते पायाशी येतात का बघू. फक्त येताना अत्तर लावू नकोस. त्यांना चालत नाही, तूच लिहिलं आहेस.

तुझा काका,
आगोसू